माळावरच्या घुबडामागे एक दिवस: नव्या पक्षीनिरीक्षकांसाठी

शुक्रवारी रात्री कॉलेजच्या ग्रुपवर एक फोटो येतो. वाळलेलं गवत, त्यावरून चाललेला तपकिरी पक्षी, पंखांची टोकं काळपट. खाली एकच ओळ: ‘आखूड कानाचं घुबड, आज संध्याकाळी.’ दहा मिनिटांत तीस मेसेज पडतात. कुठे? कितीला? गाडीत जागा आहे का?

यंदा पहिल्यांदाच दुर्बीण हातात घेतलेले ज्युनिअर अशा वेळी मला हमखास विचारतात, ‘आम्ही आलो तर चालेल का? आम्हाला काहीच येत नाही.’ त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पुण्यातून सोलापूर रस्त्यानं निघायचं, सकाळ गवताळ माळावर, दुपार उजनीच्या पाण्यावर भिगवणला आणि संध्याकाळी पुन्हा माळ, असा हा एका रविवारचा कार्यक्रम आहे. तुमचं गाव वेगळं असेल, पक्षी वेगळा असेल, पण दिवस आखायची पद्धत फारशी बदलत नाही.

१. आधी बातमी नीट वाचा

फोटो आला की लगेच गाडी ठरवू नका. हा पक्षी रविवारपर्यंत तिथे थांबणार आहे का, याचा विचार आधी करा. दुर्मिळ म्हणून ज्यांची बातमी येते ते सगळे पक्षी एका प्रकारचे नसतात.

काही नुसते वाटसरू असतात. आमूर ससाणा हे त्याचं ठळक उदाहरण. ईशान्य आशियातून निघालेले हे छोटे ससाणे नागालँडमध्ये मोठ्या संख्येनं उतरतात, मग मध्य भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेकडे जातात. आपल्याकडे ते नोव्हेंबर-डिसेंबरात दिसतात, पण सकाळी होते तिथे दुपारी असतीलच असं नाही. अशी बातमी दोन दिवस जुनी असेल तर मी जात नाही.

काही हिवाळ्याचे मुक्कामी असतात. आखूड कानाचं घुबड उत्तरेकडून थंडीत येतं, आणि माळावर उंदीर भरपूर आणि त्रास कमी असेल तर एकाच गवताच्या पट्ट्यात कित्येक दिवस राहतं. अशा पक्ष्यासाठी रविवारपर्यंत थांबायला हरकत नाही.

तिसरे मुळात इथलेच, पण मोजके उरलेले. पुन्हा सापडलेला रानपिंगळा आठवा. शंभराहून अधिक वर्षं कुणालाच तो खात्रीनं दिसला नव्हता. मग १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला. असे पक्षी नवख्यांनी घाईनं यादीत ‘टिक मारून’ यायचे नसतात. त्यांच्यासाठी जाणकार सोबत आणि वनविभागाची परवानगी या दोन्ही गोष्टी लागतात.

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं आणि बघायचं संकेतस्थळ आणि ॲप) पक्ष्याच्या नकाशावर गेलात तर गेल्या तीस दिवसांतल्या नोंदी लाल खुणेनं दिसतात. खूण उघडा आणि तारीख, वेळ, संख्या, फोटो आणि वर्णन पाहा. ‘दिसलं’ एवढंच लिहिलेली नोंद आणि ‘पावणेसहाला पश्चिमेच्या गवतातून उठलं, दहा मिनिटं शिकार करत होतं’ अशी नोंद यांत फार फरक आहे. दुसरीवरून तुमच्या संध्याकाळचं वेळापत्रकच तयार होतं. त्याच ठिकाणी महिन्यागणिक कोणकोणते पक्षी दिसतात त्याचे तक्तेही तिथे असतात, तेही बघून ठेवा. काही संवेदनशील जातींची नेमकी जागा ई-बर्ड स्वतःहून लपवतं. ती शोधून काढायच्या मागे लागू नका.

घुबडाचा माळ नेमका कुठला, ते मीही इथे लिहिणार नाही. घुबडं पकडून विकणारे लोक आहेत, जादूटोण्यासाठी त्यांना गिऱ्हाईक मिळतं आणि दिवाळीच्या आसपास ही मागणी वाढते. सगळ्या घुबडांना १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षण दिलं आहे, पण गवतात जमिनीवर बसणाऱ्या पक्ष्याला कागदावरचा कायदा कितीसा पुरणार? जागा जितक्या कमी लोकांना माहीत, तितकं बरं.

२. त्याआधी दोन रविवार कवडीला

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नेमकी तिथेच चूक होते. दुर्मिळ पक्षी वेगळा आहे हे कळायला आधी साधे पक्षी डोळ्यांत बसलेले लागतात. माळावर घुबड उडेल तेव्हा त्याच्याभोवती भोवत्ये (हॅरियर, माळावरचे शिकारी पक्षी) असतील, घारी असतील, टिटव्या असतील. भोवत्या ओळखता आला नाही तर घुबड समोरून जाईल आणि तुम्ही त्याला भोवत्याच समजाल.

पुण्यात राहणाऱ्यांना हडपसरपलीकडे लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवरचं कवडी पाट सोयीचं आहे. पाणी घाण आहे, फेस असतो, वासही येतो. तरीही हिवाळ्याच्या एका सकाळी तिथे शेकाट्या, चक्रवाक, हळदी-कुंकू बदक, नदी सुरय, धोबी, तुतवार, खंड्या, वेडा राघू असे सगळे भेटतात. वही घ्या. प्रत्येक पक्षी पाहून त्याच्याबद्दल तीन गोष्टी लिहा: आकार (चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा), चोच आणि पाय, आणि तो काय करत होता. नाव शेवटी. पुस्तक किंवा मर्लिन (पक्षी ओळखायचं ॲप) हे लिहून झाल्यावरच उघडा. आधी ॲप उघडलं की डोळे ॲपनं सुचवलेलंच बघतात, असा माझा अनुभव आहे.

दुर्बीण लावायलाही तिथेच शिका. ८ बाय ४२ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. नवख्यांसाठी हेच माप मी सुचवतो. १० पटीच्या दुर्बिणीत हाताची थरथरही दहापट दिसते. चष्मा असेल तर डोळ्याजवळच्या रबरी कडा आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. मग उजवं भिंग हातानं झाकून मधलं चाक फिरवत डावा डोळा स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका आणि उजव्या भिंगापाशी असलेली कडी फिरवून उजवा डोळा स्पष्ट करा. कडीची ती खूण लक्षात ठेवा. यानंतर फक्त मधलं चाक. कित्येक जण वर्षभर एका डोळ्यानं अंधुक बघत राहतात आणि दुर्बीणच वाईट म्हणतात.

पक्ष्यावर दुर्बीण कशी आणायची? नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, दुर्बीण नजरेच्या मध्ये आणायची. खाली दुर्बिणीकडे बघितलंत की पक्षी हरवला.

३. माणसं, गाडी, पिशवी

सहा जण पुरेत. त्याहून जास्त झाले की आवाज वाढतो आणि माळावर उभं राहायला जागा उरत नाही. सहांत दोघं तरी अनुभवी असावीत. सगळ्यांकडे दुर्बीण नसली तरी अडत नाही, दोघांत एक चालते. कॉलेजच्या एखाद्या विभागाकडून स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) उसना मिळाला तर पाण्यावर त्याचा फार उपयोग होतो. कॅमेरा नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. वही आणि डोळे एवढ्यावर पहिली दोन वर्षं उत्तम जातात.

मोटारसायकलवरून जायचा मोह होईल. मी ठामपणे नाही म्हणतो. पहाटे साडेचारला थंडी आणि धुकं, रात्री नऊला उसाच्या ट्रॉल्या आणि डोळ्यांवर झोप, आणि तोही सोलापूर हायवे. सहा जणांत चालकासह जीप केली की प्रत्येकाच्या वाट्याला झेपेल एवढा खर्च येतो. ते जमत नसेल तर शनिवारी संध्याकाळी स्वारगेटहून एसटीनं किंवा रेल्वेनं भिगवणला जा आणि कुंभारगाव, डिकसळ भागात घरगुती मुक्काम करा. तिथले बरेच होडीवाले राहण्या-जेवणाची सोय करतात.

पिशवीत दोन लिटर पाणी, टोपी, स्वेटर, वही, पेन्सिल, पॉवर बँक, कोरडं खाणं. कपडे मळकट रंगाचे: खाकी, शेवाळी, करडे. पांढरा आणि भगवा माळावर लांबून दिसतो. पायात पूर्ण बूट घाला आणि मोज्यांवरून पॅन्ट बांधा, कारण जानेवारीत कुसळी गवत पिकलेलं असतं. एकदा कुसळं मोज्यांत घुसली की दिवसभर लक्ष तिकडेच. सराटे वेगळेच.

मुलींनी आणि मुलांनीही स्वच्छतागृहाचं आधीच ठरवावं. माळावर आडोसा नसतो. निघताना हायवेवरच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात पहिला थांबा आणि दुपारी भिगवणला दुसरा, असं वेळापत्रकातच लिहून टाका. कुणाला संकोचून दिवसभर पाणी न पिता राहावं लागू नये. घरी कुठे जातोय, कुणाबरोबर आणि गाडीचा नंबर काय, हे कळवा.

४. शनिवारची रात्र

ई-बर्ड आणि मर्लिनचे भारताचे पॅक डाउनलोड करा, माळावर रेंज जाते. नकाशाही ऑफलाइन करून ठेवा. लक्ष्य दोन ठरवा: एक मुख्य आणि एक राखीव. घुबड नाही दिसलं तर धाविक, पखुर्डी, पट्टकदंब आहेत, हे सगळ्यांना माहीत असेल तर गाडीतली तोंडं उतरत नाहीत.

प्रत्येकानं मुख्य पक्ष्याची आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्यांची माहिती वाचून यायची. आमच्यात एक जण संध्याकाळी तोंडी परीक्षा घेते, ‘भोवत्या आणि घुबड अंधुक उजेडात कसे वेगळे करशील?’ उत्तर पुढे येईलच. वनविभागाच्या जागेत जायचं असेल तर परवानगी किंवा नोंदणी आधी. इंदापूर-बारामती भागात कडबनवाडी आणि शिरसुफळला वनविभागानं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीच वाट धरावी. सोबत स्थानिक गाइड असतो, आणि गाडी कुठे न्यायची नाही हे त्याला ठाऊक असतं.

५. पहाट

जानेवारीत सूर्योदय सात-सव्वासातला. साडेचारला पुणे सोडलं की यवत, पाटस, कुरकुंभ मागे टाकत साडेसहाच्या आसपास माळाजवळ पोचता येतं. एक चहा वाटेत, बसून नाही, उभ्यानंच.

गाडी कच्च्या रस्त्यावरच ठेवायची. गवतात चाक घालायचं नाही. वरवर माळ मोकळा, रिकामा वाटतो. पण चंडोल, टिटवी, धाविक, पखुर्डी हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात, आणि अंड्यांचा रंग मातीशी इतका जुळतो की चाकाखाली गेल्यावरही कळत नाही. जानेवारीत बहुतेकांची वीण नसेल, पण एकदा चाकोरी पडली की उन्हाळ्यात तिथूनच दुसऱ्या गाड्या जातात.

उजेड येताना पहिली वीस मिनिटं कुणी बोलू नका. चंडोल गायला लागतात. रातवा रस्त्यावरून उठून जातो. लांब कुठेतरी मेंढरांचा वाडा जागा होतो. कान उघडे ठेवा, मर्लिन नंतर. ॲपनं आवाजावरून सांगितलेलं नाव ही एक शक्यता असते, नोंद नाही. पक्षी स्वतः ऐकून किंवा पाहून पटला तरच लिहा.

सूर्य वर आला की तो पाठीशी घ्या, म्हणजे सकाळी पश्चिमेकडे बघत चाला. तोंडावर ऊन घेऊन पाहिलेला प्रत्येक पक्षी काळा दिसतो. याच वेळी पखुर्ड्या पाण्याकडे निघतात, चार-सहांचा थवा, वेगात, बोलत बोलत. धाविक मात्र शोधावा लागतो. उघड्या जमिनीवर तो चार पावलं धावतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो. थांबला की मातीत विरघळतो. म्हणून एका जागी उभं राहून जमीन डावीकडून उजवीकडे सावकाश विंचरायची. हलणारा ढेकूळ म्हणजे धाविक.

दिसल्यावर दुसऱ्याला दाखवायचीही एक रीत आहे. ‘तो बघ, तिकडे’ यानं कुणालाच काही कळत नाही. आधी एक पक्की खूण सांगा, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिशा, मग अंतर. ‘एकट्या बाभळीच्या बुंध्यापासून चार वाजता, दोन बोटं खाली.’ नवीन माणसाला दिसेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. जुन्यांनी आधी बघून घ्यायचं आणि नव्यांना उडालेला पक्षी दाखवायचा, हे आमच्या ग्रुपमध्ये चालत नाही.

मेंढपाळ भेटले की आधी राम राम. माळ त्यांच्या रोजच्या वापराचा आहे, आपण पाहुणे. ‘मामा, आम्ही पुण्याहून आलोय, कॉलेजची पोरं. पाखरं बघतोय. ह्या बांधावरनं गेलो तर चालंल का?’ ‘जावा की. पर ज्वारीत पाय घालू नका.’ एवढ्या दोन वाक्यांनी दिवस सुकर होतो. त्यांची कुत्री राखणीची असतात. मालक हाक मारेपर्यंत जागचं हलायचं नाही, पळायचं तर अजिबातच नाही. मामांना घुबडाचं नाव घेऊन विचारू नका. ‘संध्याकाळी गवतातनं मोठं पाखरू उठतंय का’ एवढं पुरतं. त्यांना जे ठाऊक असतं ते कुठल्याही नकाशावर नसतं. एकदा एका आजोबांनी काठीनं पट्टा दाखवला होता आणि तो आमच्या अंदाजापासून अर्धा किलोमीटर लांब होता. आजोबाच बरोबर निघाले.

लांडगा दिसला तर गाडीत बसून राहा आणि त्याला जाऊ द्या.

६. दुपारचं पाणी

दहानंतर माळ शांत होतो. ऊन चढतं, दुर्बिणीत हवा लहरायला लागते. ही भिगवणची वेळ. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, आणि त्याच्या फुगवट्याच्या काठावर उथळ पाणी, चिखल, शेतं अशी मिसळ तयार झाली. तिथे कधी जायचं हे कॅलेंडरपेक्षा पाणी ठरवतं. पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ असतं तेव्हा चिखलाचे पट्टे पाण्याखाली असतात आणि रोहित (फ्लेमिंगो) फारसे नसतात. रब्बीला पाणी सुटतं, पातळी उतरते, गाळ उघडा पडतो, तेव्हा ते उतरतात. म्हणून निघण्याआधी होडीवाल्या दादांना फोन करून ‘पाणी किती उतरलंय?’ एवढंच विचारा. ‘पक्षी आहेत का’ याला उत्तर नेहमी हो असतं.

होडीचे पैसे बसायच्या आधी ठरवा आणि मग घासाघीस करू नका. ही मासेमारी करणारी माणसं आहेत, पक्ष्यांवर त्यांचं घर चालतं, आणि पक्षी टिकावेत यात त्यांचाही स्वार्थ आहे. लाइफ जॅकेट मागून घ्या. थव्याच्या जवळ गेल्यावर इंजिन बंद करून बांबूनं होडी ढकलायला सांगा. ‘दादा, उडवू नका, आम्हाला बसलेलेच बघायचेत’ हे वाक्य मोठ्यानं बोला, कारण उडते रोहित फोटोत हवेत म्हणून होडी अंगावर घालायला सांगणारे पर्यटक रोज येतात. रोहित डोकं उलटं करून चोचीनं चिखलपाणी गाळत खातो, तासन्‌तास. प्रत्येक उड्डाणात त्याचं तेवढं खाणं वाया जातं.

काठावरून पाहणार असाल तर गाळापासून दूर राहा. वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो आणि पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत.

पाण्यावर नवखा माणूस चिखलपक्ष्यांच्या गर्दीपुढे घाबरतो. मीही घाबरायचो. उपाय एकच: सगळे ओळखायचा प्रयत्न करू नका. आधी चार सोपे पक्के करा. तांबड्या काटकुळ्या पायांचा काळा-पांढरा शेकाट्या. लांब सरळ चोचीचा मालगुजा. गळ्यात काळा कंठा असलेला छोटा कंठेरी चिखल्या. पाणकाठावर शेपूट सतत हलवणारा तुतवार. या चारांच्या तुलनेत बाकीच्यांना मापा: ‘चिखल्याएवढा, पण चोच लांब, पाय पिवळट.’ हे वाक्य तयार झालं की अर्धी ओळख झाली.

पट्टकदंब दुपारी पाण्याजवळ विसावलेले सापडतात. डोक्यामागे दोन काळे पट्टे, त्यावरूनच नाव. तिबेट, लडाख, मंगोलिया अशा उंच पठारांवर वीण करून हिमालय ओलांडून हे हंस आपल्याकडे येतात. प्रत्येकाची मान आणि पाय तपासा. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकदंब भारतात दिसलेले आहेत. पट्टा दिसला तर त्याचा रंग, अक्षरांचा रंग आणि अक्षरं आहेत तशी लिहून घ्या, जमल्यास फोटो काढा, आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवा. मुंबईची ही संस्था १८८३ पासून आहे आणि पक्ष्यांना कडी घालण्याचं मोठं काम तिनं केलं आहे. लाइफरच्या (आयुष्यात पहिल्यांदाच दिसणाऱ्या पक्ष्याच्या) नादात कळपातला एकेक पक्षी तपासायचा कंटाळा करू नका. खरं सांगायचं तर दुर्मिळ पक्षी बहुधा अशाच कंटाळवाण्या तपासणीत सापडतात, शंभर मालगुज्यांमध्ये उभा असलेला एक वेगळा.

थवा मोजायची युक्ती: दहा पक्षी नेमके मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा, आणि तेवढी जागा थव्यावर किती वेळा बसते ते बघा. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे ताडून बघा.

जेवायला चिलापी मासा. तळलेला घ्या किंवा रश्श्यातला, पण दोन वाजता आटोपा. जेवणावर रेंगाळलात तर संध्याकाळ गेली.

७. संध्याकाळ

सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास. माळावर पाचला पोचा आणि साडेपाचला जागेवर बसा: गाडीत किंवा बांधाच्या आडोशाला, गवताच्या पट्ट्यापासून लांब. वारा, उजेड, गवताची कड बघून जागा ठरवा. सकाळच्या उलट आता सूर्य पश्चिमेला, म्हणून पश्चिमेच्या बाजूला बसून पूर्वेकडे बघा.

आत शिरायचं नाही. याबद्दल मला जरा जास्तच बोलावं लागेल.

पहिल्या वर्षी आम्ही आठ जण होतो. तीन वाजता पोचलो, थांबायचा धीर नव्हता. कुणीतरी म्हणालं, ओळ करून गवतातून चालू, उठेल. आम्ही हातभर अंतरावर ओळ केली आणि चालत गेलो. घुबड उठलं. माझ्यापासून पाच-सहा पावलांवर, इतकं जवळ की डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं दिसली. सगळे ओरडले. कावळ्यांनी त्याला लगेच पाहिलं, आधी दोन, मग पाच-सहा, आणि भर उन्हात ते घुबड वर वर जात राहिलं आणि शेवटी टेकडीपलीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी गेलेल्यांना दिसलं नाही, आठवड्यानं गेलेल्यांनाही नाही. त्या दिवसाचा माझा फोटो सुरेख आला आहे. तो मी कुठेही लावलेला नाही.

दिवसा ते झोपलेलं असतं. रंग गवताचा, हालचाल शून्य, हेच त्याचं घर आणि हीच त्याची ढाल. ते आपल्या वेळेला स्वतःहून उठतं. आपण फक्त थांबायचं.

आधी भोवत्ये येतात. एकेक करत, जमिनीलगत, पंख उथळ ‘व्ही’सारखे वर धरून, डुलत. दिवसभर नाकतोडे, टोळ, छोटे पक्षी टिपून ते रात्री गवतात जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. मॉन्टेग्यूच्या भोवत्याच्या नराच्या राखी पंखावर काळी रेघ आणि पोटाकडे तांबूस रेषा. पांढुरक्या भोवत्याचा नर फिकट, जवळजवळ पांढरा, पंखाच्या टोकाला काळी पाचर. माद्या दोन्हींच्या तपकिरी, पाठीच्या टोकाला पांढरा पट्टा, आणि त्या वेगळ्या करणं अनुभवी माणसालाही जड जातं. खात्री नसेल तर यादीत ‘मॉन्टेग्यू किंवा पांढुरका’ असा पर्याय आहे, तो निवडा. अंदाजानं नाव टाकण्यापेक्षा ही नोंद अभ्यासकाच्या जास्त उपयोगाची.

मग उजेड पिवळसर होतो आणि गवताच्या कडेवरून काहीतरी वेगळं निघतं. शनिवारच्या तोंडी परीक्षेचं उत्तर आता द्या. भोवत्याची शेपूट लांब, डोकं लहान. याला मान नाहीच, डोकं मोठं, बोथट, समोरून कापल्यासारखं, शेपूट आखूड. पंखांची लय सावकाश, खोल, दिव्याभोवती फिरणाऱ्या मोठ्या पतंगासारखी. पंखाच्या वरच्या बाजूला टोकाकडे फिकट पिवळसर डाग, त्याआधी मनगटापाशी गडद ठिपका. तोंड वळलं तर पिवळे डोळे. याच भागातल्या ओढ्यांच्या घळीत राहणारं शृंगी घुबड याहून बरंच मोठं, कानाचे तुरे ठळक आणि डोळे नारिंगी, म्हणजे तोही घोटाळा मिटतो.

टॉर्च मारू नका, आवाज वाजवू नका, मागे धावू नका. सहा जणांना मिळून दहा मिनिटं मिळतील. पहिली पाच कॅमेऱ्याशिवाय बघा. आणि ते उठलंच नाही तर? साडेसहाला उठा आणि गाडीत बसा. ‘अजून थोडं आत जाऊन बघू’ म्हणणारा एक जण असतोच. त्याला हा भाग वाचायला द्या.

८. गाडीतच लिहून टाका

घरी जाऊन लिहू म्हटलं की राहतं. खरं तर यादी जागेवरच सुरू करायची असते आणि निघताना बंद करायची. माळाची वेगळी, पाण्याची वेगळी, संध्याकाळची वेगळी. प्रत्येक यादी निदान पंधरा मिनिटांची. दिसलेले आणि ऐकलेले, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहा. कावळा, साळुंकी, होला सोडून फक्त ‘चांगले’ पक्षी लिहिलेली यादी अपुरी असते. पुढच्या वीस वर्षांत साळुंकी वाढली की घटली, हे तुमच्या पूर्ण यादीवरूनच कळणार आहे. घुबड दिसलं नाही, तरी त्या संध्याकाळची पूर्ण यादी टाका. तीही माहितीच असते.

घुबड दिसलं असेल तर नोंदीत वर्णन लिहा: किती अंतर, किती वेळ, उजेड कसा, कोणत्या खुणांवरून ओळखलं, कोणते पक्षी नाहीत हे कसं ठरवलं. दुर्मिळ नोंद तपासणारे संपादक स्वयंसेवक असतात, त्यांची विचारणा आली तर राग मानू नका, आठवतं ते प्रामाणिकपणे कळवा. जागा नाजूक वाटत असेल तर यादी लोकांपासून लपवायची सोय ई-बर्डवर आहे, ती वापरा. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचाच असेल तर गावाचं नाव, मागची टेकडी, विजेचा टॉवर यांतलं काही दिसत नाही ना बघा.

नव्यांनी नोव्हेंबरची ५ ते १२ ही तारीखही वहीत लिहून ठेवावी. वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. त्या आठवड्यात कॉलेजांत, तळ्यांवर, टेकड्यांवर जाणती माणसं भेटतात आणि फेऱ्या निघतात. सुरुवात करायला याहून सोपी वेळ नाही. फेब्रुवारीत कॅम्पसवरची पक्षीगणना असते, तिथे मोजायचा सराव होतो.

यवतच्या आसपास चहाला थांबलात की हिशेब करा: गाडी, होडी, जेवण, भागिले सहा. ज्याच्याकडे महिनाअखेरीला कमी असेल त्याचं पुढच्या वेळी. मग मागच्या सीटवरून कुणीतरी अर्धवट झोपेत विचारेल, ‘कंठेरी चिखल्या किती लिहू?’ त्यावर चार वेगवेगळे आकडे येतील. वही उघडा आणि दुपारी दोघांनी मोजून मिळवलेला आकडा वाचून दाखवा.